चौक हवाच!

मराठवाड्यातल्या जुन्या माळवदी वाड्याला रस्त्याकडे खिडक्या जवळजवळ नसतात. उजेड आणि वारा, दोन्ही चौकातून येतात. त्यामुळेच भर मे महिन्यातही त्याच्या ओसरीत दुपारची झोप लागते.

इथला उन्हाळा कोरडा. दिवसा पारा बेचाळिशीला टेकतो, पण आभाळ निरभ्र असल्यानं रात्री छपरं आणि फरश्या भराभर निवतात. गार झालेली जड हवा चौकात उतरते आणि ओसरी, माजघरापर्यंत पसरते. सकाळी दारं लावून घेतली की हा गारवा दुपारपर्यंत पुरतो. मात्र चौकाची रुंदी भिंतींच्या उंचीच्या मानानं बेतातच हवी. तो ऐसपैस झाला की दिवसभर ऊन फरशीवर ठाण मांडतं.

चौकाला साथ असते माळवदाची. सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि त्यावर दीड-दोन फुटांपर्यंत पांढऱ्या मातीचा थर. जाड दगडी भिंतींप्रमाणे ही मातीही उन्हाची धग तासन्‌तास अडवून धरते. ती आत पोचेपर्यंत रात्र होते आणि तोवर घरची माणसं अंथरुणं घेऊन माळवदावर गेलेली असतात. छपरातल्या सवण्यातून चुलीचा धूर आणि वर साचलेली गरम हवा निघून जाते.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात छपरावरच्या याच मातीच्या वजनानं घात केला. मातीत रचलेल्या भिंती फुटल्या, हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली. दगडमातीवरचा लोकांचा विश्वास उडाला आणि तो उडणं रास्तच होतं. सिमेंटची घरं आली. पण उघडा स्लॅब दुपारीच तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत खोलीत धग ओततो.

दोष छपराच्या वजनाचा आणि भिंतींच्या कच्च्या जोडणीचा होता. चौकाचा त्यात काही अपराध नव्हता. आज जोत्याला, लिंटेलच्या पातळीला आणि छताखाली सळ्यांचे काँक्रीट पट्टे घेऊन, भिंतीत आरपार दगड घालून मजबूत घर बांधता येतं. स्लॅबवर वीटतुकड्यांचा कोबा करून वर पांढरा चुना द्यावा. जिना, न्हाणी, कोठी पश्चिमेला टाकावी, म्हणजे उतरतं ऊन त्यांच्यावरच अडतं. संध्याकाळी चौकात पाणी शिंपडलं की फरशी आणखी निवते.

चार खोल्यांच्या घरातही दहा बाय दहाचा चौक बसतो. मराठवाड्यात घराचा नकाशा काढताना पहिली रेघ त्याचीच ओढावी.