जुन्या लिनक्सवर डोंगल चालत नाहीये? हे करून बघा

उबुंटू १०.०४ सारख्या जुन्या लिनक्सवर हुआवे ई१५५० डोंगल लावला की बरेचदा मोडेमऐवजी सीडी दिसते. डोंगल बिघडलेला नसतो! विंडोजचे ड्रायव्हर त्याच्यातच साठवलेले असल्यामुळे तो आधी सीडी ड्राइव्ह म्हणून उभा राहतो.

१. टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' आज्ञा द्या. १२डी१:१४४६ दिसलं, तर तो सीडीच्याच रूपात आहे.
२. 'यूएसबी-मोडस्विच' पॅकेज पेनड्राइव्हवरून आणून टाका. डोंगल काढून पुन्हा लावा. आता १२डी१:१००१ दिसायला हवं.
३. नेटवर्क मॅनेजरमध्ये मोबाइल ब्रॉडबँड निवडा, सिमकंपनीचा एपीएन भरा. डायल क्रमांक *९९#.

लक्षात ठेवा, हा डोंगल फक्त २जी-३जीचा आहे; जिओचं सिम त्यात चालणार नाही. अडलात तर कमेंटमध्ये विचारा, नक्की मदत करेन.