कापडाच्या गाठी आणि चाळीस दिवसांची अटक

‘क्वारंटाईन’ हा शब्द इटालियन भाषेतील चाळीस या आकड्यावरून आला. परमुलखातून आलेले जहाज, त्यावरील माणसे व माल ठरावीक दिवस शहराबाहेर रोखायचा आणि रोग उद्भवला नाही तरच सोडायचा, अशी ही पद्धत. रागुसा बंदराने १३७७ साली तीस दिवसांचा नियम केला, पुढे इतर बंदरांनी चाळीस केले.

आपल्या कापडधंद्याचा याच्याशी फार जवळचा संबंध आहे. लाकूड, धातू, धान्य लवकर सुटत असे. कापूस, लोकर, रेशीम, कापड मात्र ‘रोग धरणारा माल’ ठरे. गाठी फोडून माल हवेवर टाकायचा आणि हमालांनी त्यात हात घालून तो खालीवर करायचा. हमाल आजारी पडला की माल दूषित! म्हणजे तपासणीचे साधन गरीब हमालाचा जीव. खर्च मालावर चढे आणि भांडवल अडकून पडे ते वेगळेच. त्यामुळे जहाज निघते तिथला आरोग्याचा दाखला व्यापाऱ्याला हुंडीइतकाच मोलाचा असे.

पण दाखला स्वच्छ म्हणून जहाज स्वच्छ असते काय? ‘ग्राँ-सेंतांत्वान’ हे जहाज जानेवारी १७२० अखेर सैदा बंदरातून स्वच्छ दाखला घेऊन निघाले. सीरियाच्या किनाऱ्यावरून कापड व कापूस भरला होता. वाटेत एक प्रवासी, काही खलाशी आणि खुद्द जहाजाचा डॉक्टर दगावले. २५ मे रोजी ते फ्रान्सच्या मार्सेल बंदराबाहेर पोचले. कप्तान शातो यांनी मृत्यू कळवले होते. नियमाप्रमाणे असे जहाज दूर जार बेटाजवळ थांबवायचे. परंतु जुलैत बोकेरची मोठी जत्रा होती, माल तिथे विकायचा होता, आणि नगरशासक एस्तेल यांचा त्यात हिस्सा होता. दडपण नेमके कोणी आणले यावर वाद आहे, सवलत मिळाली यावर नाही. भारी माल शहरालगतच्या लाझारेटोत उतरला. जून अखेरीस तो हाताळणारे हमाल मरू लागले.

मग प्लेग शहरात शिरला. सुमारे नव्वद हजार वस्तीपैकी चाळीस हजारांच्या आसपास माणसे गेली. ३१ जुलैला एक्सच्या न्यायसभेने मार्सेलशी व्यवहार करणाऱ्यास मृत्युदंड जाहीर केला. सप्टेंबरात जहाज जाळून टाकले. एका जत्रेची घाई किती महाग पडली पहा.

कापडावरचा संशय अर्धा खरा होता. १८९६ साली मुंबईच्या मांडवीत प्लेग उद्भवला. त्यावरूनच १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि संशयित वस्तूंत प्रामुख्याने वापरलेले कपडे, अंथरुणे, चिंध्या धरल्या गेल्या. त्याच वर्षी सरकारने मुंबईहून हजला जाणेही बंद केले. १८९८ साली कराचीत डॉ. सिमाँ यांनी उंदरावरील पिसू हे खरे कारण दाखवले. पिसू गाठीत दडून राहू शकते; नुसती हवा दाखवून ती जात नाही.

परदेशातून आलेल्या जहाजाला आजही बंदरात ‘फ्री प्रॅटिक’, म्हणजे आरोग्य खात्याची मोकळीक, घ्यावी लागते. तिला उशीर झाल्यास डेमरेज कोणाच्या माथी, हे भाडेकराराच्या कलमांवर ठरते. पूर्ण जहाज भाड्याने घेणाऱ्यांनी सही करण्यापूर्वी ते कलम जाणकाराकडून वाचून घ्यावे.