कलमी गुलाब ‘रानटी’ होतो तेव्हा



माघ सरता सरता इस्लापूरच्या रानात पळस पेटतो. सहस्रकुंडच्या वाटेने बघा, जिकडे तिकडे केशरी. त्या पळसाला कुणी पाणी घातलेलं नसतं. दारच्या गुलाबाचं तसं नाही, त्याला घरचं माणूस लागतं. ऊन तापण्याआधीची शेवटची टपोरी फुले याच दिवसांत येतात, आणि कुणाच्या दारी कसा गुलाब आला याची चर्चाही याच दिवसांत होते.

या चर्चेत एक तक्रार नेहमीची. मुदखेडची फुलशेती आपल्या जिल्ह्यात नावाजलेली. तिकडून नाहीतर नांदेडहून कुणी हौसेने लाल गुलाबाचे कलम आणले. दोन वर्षे तळहाताएवढी फुले निघाली. तिसऱ्या वर्षी झाड डोक्याच्या वर गेले, पण फूल येईना. आले तर बटणाएवढे, फिकट, झुपक्याने. मग कुणी म्हणतं माती मानवली नाही, कुणी म्हणतं नजर लागली.

ताई, माती आणि नजर दोन्ही निर्दोष आहेत. तुमचा लाल गुलाब मेला, आणि दारात उभा आहे तो त्याचा खुंट!

कलम म्हणजे दोन झाडे एका जागी. खाली काटक रानगुलाबाचा खुंट, त्यावर भरलेला चांगल्या जातीचा डोळा. जिथे डोळा भरला तिथे बुंध्यावर गाठ दिसते. गाठीच्या वरून जे फुटेल ते तुमचे. खालून फुटेल ते रानगुलाबाचे. खालचा फुटवा जोमदार असतो, सरळसोट वाढतो. आपण खूश होतो की झाड भरतंय. पण मुळांनी आणलेले पाणी आणि अन्न आधी तोच ओढतो आणि वरचा गुलाब उपाशी वाळतो.

सात पानांचा फुटवा रानटी अशी खूण पुष्कळ जण सांगतात. तिच्यावर विसंबू नका, चांगल्या गुलाबालाही कधी कधी सात पाने येतात. फुटवा कुठून निघाला तेवढे पाहावे. तो जमिनीलगत कापला तर एकाचे चार होतात. माती उकरून उगमापर्यंत जा आणि खाली ओढून मुळासकट उपटा. लावतानाही गाठ मातीच्या वर राहील असे पाहा; गाठ पुरली गेली की खालचा फुटवा ओळखता येत नाही.

वरचे कलम दुबळे का होते, हेही पाहू. एक तर आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरते. त्यासाठी दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घेऊन तळाशी विटांचे तुकडे किंवा मुरूम टाकावा आणि वर पोयटा व चांगले कुजलेले शेणखत भरावे. ओले शेण नको, त्याने वाळवी व हुमणी येते. दुसरे, एप्रिल-मेचे ऊन. बुडाशी वाळलेल्या पाल्याचा चार बोटे थर द्या. किनवटच्या बाजूला सागाची पाने फुकट मिळतात. आणि तिसरी शेळी! तिच्यावर औषध नाही, काट्यांचे कुंपणच करावे.

छाटणी ऑक्टोबरच्या मध्यात करावी. धारदार कात्रीने, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरपा काप घ्यावा. उघड्या कापातून फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली मरत येते, म्हणून कापावर बोर्डो मलम लावा. शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून एकत्र करावे, सगळे पाणी मिळून एक लिटर. लोखंडी भांडे वापरू नये. छाटणीनंतर साधारण दीड महिन्याने फुले येऊ लागतात.

आता, उपटलेला तो रानटी फुटवा फेकायचा नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याचे वीतभर तुकडे करून निम्मे मातीत खोचा. ते सहज मुळ्या धरतात आणि थंडीपर्यंत पेन्सिलीएवढे जाड झाले की तेच नवे खुंट. शेजारणीच्या दारचे फूल आवडले तर फूल मागू नका, फूल नुकतेच गळालेली फांदी मागा. एका फांदीवर चार-पाच चांगले डोळे निघतात, म्हणजे चार-पाच घरची झाडे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा डोळे भरण्याचा काळ. खुंटाच्या सालीला जमिनीपासून चार बोटांवर इंग्रजी ‘टी’सारखी चीर द्या. ढालीच्या आकाराचा डोळा काढून सालीखाली सरकवा आणि डोळा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळा. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा असेल तर धरला, काळा पडला तर दुसऱ्या बाजूला पुन्हा भरा. पहिल्या खेपेला निम्मे जातातच, हिरमुसू नका. डोळा फुटू लागला की वरचा खुंट कापून टाका. आणि पुढे कधी तुमचे झाड गेले, तर त्याच जातीचा डोळा शेजारच्या दारी सापडतो.

“बायकांचा नाद” म्हणून हसणाऱ्यांना डॉ. बी. पी. पाल यांचे नाव सांगा. तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या गव्हाच्या जाती काढणारे हे शास्त्रज्ञ 1965 साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. त्यांनीच गुलाबाच्याही कितीतरी नव्या जाती तयार केल्या.

एवढी खटपट नको असेल तर गावठी सुवासिक गुलाब लावा. तो फांदीवरच येतो, खुंट लागत नाही, त्यामुळे रानटी होण्याची भीती नाही. गुलकंदही त्याचाच चांगला. मात्र ज्या झाडावर कीडनाशक मारले त्याची फुले, किंवा बाजारच्या हारातली फुले, गुलकंदाला अजिबात वापरू नयेत.