विश्लेषण : पर्यटक वाढले, पण पैसा कुणाच्या खिशात? चिनी ग्रुप टूरचा थायलंडला मिळालेला धडा आणि आपला केळवे किनारा

थायलंडमध्ये २०१९ साली जवळपास चार कोटी परदेशी पर्यटक आले. त्यातले सुमारे एक कोटी दहा लाख एकट्या चीनमधले होते. एवढे गिऱ्हाईक दारात आले तर कोणताही देश खूशच होईल. पण त्याआधी तीनच वर्षे, २०१६ मध्ये, थायलंड सरकारने चिनी ग्रुप फिरवणाऱ्या कंपन्यांवर कारवाई करून दोन हजारांहून अधिक टूर बस जप्त केल्या होत्या. आपल्याच देशात पर्यटक फिरवणाऱ्या बस सरकारने का जप्त केल्या? याचे उत्तर वैतरणेच्या खाडीपासून झाईपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यालाही लागू पडते.

‘झिरो-डॉलर टूर’ म्हणजे काय?

‘लॉस्ट इन थायलंड’ हा चिनी सिनेमा २०१२ च्या अखेरीस आला आणि चीनमध्ये थायलंडची क्रेझ आली. पासपोर्ट नवा, भाषा अडचणीची, त्यामुळे पहिल्यांदाच परदेशी निघालेल्यांनी ग्रुप टूर निवडली. एजंटांमध्ये भाव पाडण्याची चढाओढ लागली. शेवटी विमान, हॉटेल, जेवण मिळून जेवढा खर्च येतो, त्यापेक्षाही कमी दरात टूर विकल्या जाऊ लागल्या. चीनमधला एजंट थायलंडमधल्या एजंटाला ग्रुप सोपवताना जवळपास काहीच पैसे देत नसे. काही वेळा तर थायलंडमधला एजंटच माणशी पैसे मोजून ग्रुप ‘विकत’ घेत असे. म्हणून नाव पडले ‘झिरो-डॉलर टूर’.

मग तोटा भरून कसा काढतात?

एक काल्पनिक हिशेब पाहू. समजा टूरचा खरा खर्च माणशी ३० हजार रुपये आहे आणि ती विकली १८ हजारांना. माणशी तोटा १२ हजार. बसमध्ये ४० जण असतील तर एका बसमागे ४ लाख ८० हजारांचा खड्डा. आता दुकानदार खरेदीवर ४० टक्के कमिशन देत असेल, तर खड्डा बुजायला प्रत्येक पर्यटकाने ३० हजारांची खरेदी करायला हवी. त्यानंतर खरा नफा सुरू.

म्हणून बस मंदिर किंवा समुद्राआधी दुकानात जाते. रत्ने, चामड्याच्या वस्तू, लॅटेक्सच्या उशा, सगळे चढ्या भावात. गाईडचा पगार नावापुरता, कमाई कमिशनवर. त्यामुळे खरेदी न करणाऱ्या पर्यटकावर दबाव येतो.

चीननेही याची दखल घेतली होती. १ ऑक्टोबर २०१३ पासून तिथे लागू झालेल्या पर्यटन कायद्याने खर्चापेक्षा कमी दरात टूर विकून खरेदीच्या कमिशनवर पैसे काढण्यास बंदी घातली. तरी प्रकार थांबला नाही. थायलंडमधल्या बस प्रकरणातही २०१७ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना निर्दोष सोडले. पर्यटकाने स्वखुशीने खरेदी केली, असे म्हटले की फसवणूक सिद्ध करणे अवघड जाते.

थायलंडचे नुकसान काय झाले?

पर्यटक आले, पण त्यांचा पैसा ठरावीक साखळीतच फिरला. बस, हॉटेल, रेस्टॉरंट आणि दुकान एकाच गटाशी जोडलेले. थायलंडच्या कायद्यानुसार अशा व्यवसायांत परदेशी व्यक्तीला साधारणपणे ४९ टक्क्यांपर्यंतच हिस्सा ठेवता येतो. त्यातून पळवाट निघाली ती ‘नॉमिनी’ची, म्हणजे कागदावर नाव स्थानिकाचे आणि भांडवल परक्याचे. मोबाइलवरून चिनी अ‍ॅपने पैसे दिले जाऊ लागल्यावर काही व्यवहार तर थायलंडच्या बँकांना दिसेनासे झाले. कोपऱ्यावरच्या खानावळवाल्याच्या वाट्याला आली ती रस्त्यावरची कोंडी आणि कचरा.

मग फायदा झालाच नाही का?

झाला, आणि तो नाकारता येणार नाही. अप्रत्यक्ष व्यवसाय धरले तर थायलंडच्या अर्थव्यवस्थेचा सुमारे पाचवा हिस्सा पर्यटनावर उभा होता. विमानतळ, हॉटेल, वाहतूक यात लाखोंना काम मिळाले. स्वतःच्या हिमतीने फिरणारे चिनी पर्यटक पुढे वाढत गेले आणि त्यांचा खर्च गल्लीबोळातही पोहोचला.

धोका होता तो एकाच देशावर विसंबण्याचा. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ बोट बुडून ४७ चिनी पर्यटकांचा मृत्यू झाला आणि पुढच्या काही महिन्यांत चीनमधून येणाऱ्यांची संख्या घसरली. जानेवारी २०२० मध्ये चीनने परदेशी ग्रुप टूर थांबवल्या, त्या फेब्रुवारी २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. मार्च २०२४ पासून दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना व्हिसामाफी दिली, तरी त्या वर्षी चीनमधून आले सुमारे ६७ लाखच. २०२५ च्या सुरुवातीला एका चिनी अभिनेत्याला थायलंडमार्गे म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यावर नेल्याची बातमी आली आणि आकडा पुन्हा घसरला.

आपल्याकडे असे कुठे घडले?

सर्वांत जवळचे उदाहरण गोव्याचे. १९८७ मध्ये जर्मनीहून चार्टर विमाने गोव्यात येऊ लागली. त्याच वर्षी ‘जागृत गोंयकारांची फौज’ या संघटनेने याविरोधात आंदोलन केले. पाणी, वीज आणि किनारा पंचतारांकित हॉटेलांकडे जाईल आणि गावाला काय मिळेल, हा त्यांचा प्रश्न होता.

चार्टर म्हणजे परदेशी टूर कंपनी अख्खे विमान आणि हॉटेलच्या खोल्या घाऊक दराने घेते. ज्या पॅकेजमध्ये फक्त नाश्ता असतो, त्यातला पर्यटक दुपारी शॅकवर जेवतो, स्कूटर भाड्याने घेतो, बाजारात जातो. सगळेच ‘इन्क्लुडेड’ असेल तर तो हॉटेलच्या फाटकाबाहेर पडत नाही. विमान तेच, देश तोच, पण गावाच्या हाती येणारा पैसा वेगळा.

विसंबण्याचा फटका गोव्यालाही बसला. कासवांच्या विणीसाठी ओळखल्या जाणाऱ्या मोरजीत रशियन भाषेतल्या पाट्या लागल्या, गावाला ‘लिटल रशिया’ म्हटले जाऊ लागले. २०१४ च्या अखेरीस रुबल कोसळला आणि रशियन पर्यटक आटले. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनची थॉमस कुक कंपनी बुडाली, ऐन हंगामाच्या तोंडावर. मग करोना, नंतर युक्रेन युद्ध. २०१९ मध्ये गोव्यात सुमारे ९ लाख ३७ हजार परदेशी पर्यटक आले होते, २०२४ मध्ये सुमारे ४ लाख ६७ हजार. त्याच २०२४ मध्ये देशी पर्यटक मात्र ९९ लाखांवर गेले.

गोव्याने काय उपाय केले?

किनाऱ्यावरचे शॅक गोमंतकीयांनाच मिळावेत आणि ते परस्पर दुसऱ्याला चालवायला देऊ नयेत, अशी अट शॅक धोरणात आहे. थायलंडमधल्या ‘नॉमिनी’सारखेच प्रकार इथेही होतात, पोटभाड्याच्या तक्रारी येत राहतात. पण नियम असल्यामुळे निदान तक्रार करायला जागा आहे.

दुसरा उपाय देशी ग्रुपसाठी. गॅस, शिधा, आचारी बसमधून आणायचे, किनाऱ्यावर चूल मांडायची आणि पत्रावळी टाकून निघून जायचे, हा प्रकार वाढल्यावर गोव्याने २०१९ मध्ये कायदा बदलला. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक किंवा मद्यपान केल्यास एकट्याला दोन हजार आणि ग्रुपला दहा हजार रुपये दंड ठरला.

याचा पालघरशी संबंध काय?

चिनी ग्रुप किंवा चार्टर विमान केळव्याला येत नाही. पण हिशेब तोच आहे. विरार सोडले, वैतरणा, सफाळे मागे पडले की केळवे रोड. रविवारी इथे उतरणारा माणूस सुरूच्या बनात स्वतःचा डबा खातो की गावातल्या घरगुती खानावळीत जेवतो, एवढ्यावर गावाची कमाई ठरते. कचरा दोन्हीकडे तेवढाच.

शिवाय गर्दी वाढणारच आहे. विरार-डहाणू चौपदरीकरण सुरू आहे, बुलेट ट्रेनला विरार आणि बोईसर अशी दोन स्थानके आहेत, वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. केळवे-माहीमची पाने, सातपाटीचे पापलेट, घोलवडचा चिकू ही इथली ओळख. तो माल थेट पर्यटकाला विकला गेला तर पैसा गावात राहील. रिसॉर्टने मासळी, भाजी आणि माणसेही बाहेरून आणली तर गावाकडे उरेल फक्त पार्किंगचा वाद. म्हणून जागा कुणाला आणि कोणत्या अटीवर द्यायच्या, हे ग्रामपंचायतींनी गर्दी येण्याआधी ठरवायला हवे. मोरजीत पाट्या आधी लागल्या आणि चर्चा नंतर झाली.

आणि आपण पर्यटक असू तेव्हा?

ग्रुप टूर मराठी घरांना नवी नाही. १९८४ मध्ये ‘केसरी टूर्स’ सुरू करणारे केसरी पाटील मूळचे पालघर तालुक्यातल्या मथाणे गावचे. २०२४ मध्ये २१ लाखांहून अधिक भारतीय थायलंडला गेले, चीन आणि मलेशियानंतर आपलाच नंबर होता. त्यामुळे पॅकेज घेताना तीन गोष्टी पाहा :

• नुसत्या विमानभाड्याएवढ्या दरात पूर्ण टूर मिळत असेल, तर उरलेला खर्च कोण भरतो ते विचारा.

• कार्यक्रमपत्रिकेत ‘शॉपिंग स्टॉप’ किती आणि ते ऐच्छिक आहेत का, हे लेखी घ्या.

• सगळी जेवणे ‘इन्क्लुडेड’ नसलेले पॅकेज शक्य असेल तर निवडा. त्यातले एखादे जेवण तिथल्या कोपऱ्यावरच्या खानावळीत घ्या. केळव्याला आलेल्या पाहुण्याकडून आपलीही तीच अपेक्षा असते.