कोष्टकाबाहेरचा श्रीकार

निपाणीच्या माझ्या मामांनी एखादा हिशेब श्रीकाराशिवाय मांडल्याचे मला आठवत नाही. वहीचे पान कोणत्याही कामासाठी उघडलेले असो, माथ्यावर मधोमध 'श्री' काढावयाची, तिच्याखाली मिती व तारीख घालावयाची आणि मगच रकान्यांच्या रेघा ओढावयाच्या, हा त्यांचा आयुष्यभराचा परिपाठ. त्यांच्या तंबाखूच्या हिशेबाच्या वह्या गतवर्षी आम्ही बेळगावी आणून संगणकावर उतरवावयास घेतल्या, तेव्हा पहिल्याच पानाला गाडे अडले, तेही या श्रीकारापाशीच.

माझ्या चिरंजीवांनी मोठ्या हौसेने आधी कोष्टक आखले. वजन, दर, हमाली, तोलाई, उचल, बाकी असे रकाने पाडून आकडे भरले. मामा खुर्ची ओढून शेजारी बसले होते. ते म्हणाले, "सगळं झकास झालंय की रे, पण श्री कुठं आहे?"

चिरंजीव कर्सर वर नेऊ लागले. तो पहिल्या चौकटीच्या वर म्हणून सरकेना. कोष्टक कागदाच्या माथ्याला असे चिकटले होते, की त्याच्यावर बोटभर जागा दिसत असूनही तीत अक्षर उमटविण्याची सोय नव्हती. अखेर त्याने पहिल्याच रकान्याच्या मथळ्यात 'श्री' कोंबली. मामांनी चष्मा काढला. "अरे, वजनाच्या डोक्यावर श्री? हे काय पसाकुडत्याचं दुकान आहे?"

ही अडचण घरोघरची आहे. संस्थेचा जमाखर्च, लग्नातल्या आहेराची यादी, कुलवृत्तांतातील शाखांचे तक्ते, असे काहीही करावयास बसलेल्या माणसास ती केव्हातरी भेटतेच. तिचे मूळ समजून घेतले, तर राग थोडा निवळतो. आपण कागद पाहतो, तेव्हा आपणांस एक मोकळे मैदान दिसते. वाटेल तेथे लेखणी टेकवावी. संगणकाची लेखनप्रणाली मात्र मजकुराकडे परिच्छेदांची एक लांब माळ म्हणून पाहते. कर्सर उभा राहावयाचा तर त्यास कोणतातरी परिच्छेद पाहिजे. कोष्टक हाच माळेतील पहिला मणी असेल, तर त्याच्या आधी काहीच नाही. दिसते ती केवळ समासाची कोरी पट्टी.

गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईस शिळाछापावर पहिले मराठी पंचांग छापले, त्यांस हा प्रश्न पडला नसावा. शिळाछापाचा मजकूर आधी हाताने लिहिला जात असे. तिथी-नक्षत्रांचे रकाने आणि त्यांच्या भोवतीची अक्षरे एकाच लेखणीतून उतरत. पुढे शिशाचे खिळे आले आणि कोष्टक ही जुळाऱ्याची सत्त्वपरीक्षा ठरली. तेथे कोरी जागासुद्धा धातूचा तुकडा घालूनच राखावी लागे. कोष्टकावर एक ओळ वाढवावयाची म्हणजे आवळलेली चौकट सैल करून सारे पान पुन्हा बांधणे आले. त्यामानाने आपल्या संगणकाची कुरकुर क्षुल्लकच म्हणावयाची, फक्त तिचा उपाय कोणी सांगितलेला नसतो!

उपाय असा. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये पहिल्या चौकटीतील पहिल्या अक्षराच्याही आधी कर्सर ठेवून एंटर दाबावे. कोष्टक दस्तऐवजाच्या अगदी आरंभी असेल, तर ते एक ओळ खाली उतरते आणि वर लिहावयास जागा होते. पहिल्या ओळीत कोठेही उभे राहून कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबले तरी तेच साधते. हीच युक्ती मधल्या ओळीत केली, तर कोष्टकाचे दोन भाग होऊन मध्ये परिच्छेद येतो. मात्र तो मधला परिच्छेद पुसला, की दोन्ही भाग पुन्हा जुळतात, हे ध्यानी ठेवावे. लिबर ऑफिसमध्ये पहिल्या चौकटीच्या आरंभी ऑल्ट आणि एंटर दाबावे.

तळाशी गंमत उलटी आहे. वर्ड कोष्टकानंतर एक रिकामा परिच्छेद राखतोच. तो पुसता म्हणून येत नाही. कोष्टकाने पान पुरते भरले, की हा आगंतुक पुढच्या कोऱ्या पानावर जाऊन बसतो. त्याच्या अक्षराचा आकार १ करावा, म्हणजे तो बहुधा मुकाट्याने मागे येतो.

श्रीकाराचे असे निभावले. खरी अडचण १९८१ च्या वहीत आली. त्या वर्षी तंबाखूस रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले होते आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यातील काहींचा बळी गेला. मामांच्या वहीत त्या दिवसांचे रकाने रिकामे आहेत. आकडा एकही नाही. परंतु उजव्या समासात, वरून खाली, तिरक्या अक्षरांत त्यांनी बरेच काही लिहून ठेवले आहे : कोण कोणाबरोबर रस्त्यावर बसले, भाकऱ्या कोणाच्या घरून आल्या, कोण परत आले नाही.

चिरंजीवांनी तो मजकूर कोष्टकाखाली टीप म्हणून घातला. मामांनी मान हलविली. "खाली नको. रिकाम्या घरांच्या शेजारीच पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, मी हिशेब लिहायचा विसरलो."

त्यांचे म्हणणे मला पटले. कोष्टकाच्या कडेने मजकूर वाहता ठेवण्याची सोय वर्डमध्ये आहे. टेबल प्रॉपर्टीजमधील टेक्स्ट रॅपिंग या सदरात 'अराउंड' निवडावयाचे आणि कोष्टकाची रुंदी आवरती घ्यावयाची. लिबर ऑफिसमध्ये कोष्टक फ्रेमच्या आत ठेवून हे साधता येते. अशी फ्रेम एका पानावरून दुसऱ्या पानावर तुटण्याची व्यवस्था मात्र तेथे २०२३ च्या आवृत्तीत झाली. आम्हांस दोन संध्याकाळी लागल्या. एकदा मजकूर कोष्टकावरच चढला, एकदा रकाने इतके आक्रसले की 'तोलाई'चे दोन तुकडे झाले.

तिसऱ्या दिवशी छापील पान मामांच्या हाती दिले. माथ्यावर श्री होती. त्यांनी रिकाम्या घरांवरून बोट फिरवीत कडेचा मजकूर सावकाश वाचला, एका नावापाशी थांबले आणि चिरंजीवांस म्हणाले, "ह्याच्या वडिलांचं नाव राहिलंय बघ. घालता येईल का आता?"

जागा होती. घातले.