ग्रंथालय-तंत्रातील प्रकल्प आणि त्यांचे वृत्तान्त-लेखन

एखाद्या ग्रंथालयात नवी यंत्रयोजना सुरू झाली, म्हणजे ते कार्य पूर्ण झाले अशी समजूत सर्वसाधारणपणे आढळते. वस्तुतः तोपर्यंत ती योजना त्या एका ग्रंथालयापुरतीच उपयोगी असते. ती सर्व व्यवसायाची व्हावयाची असेल, तर तिचा वृत्तान्त लिहिला गेला पाहिजे. अशा लेखनाने काय साधते, हे ‘मार्क’ प्रकल्पाच्या इतिहासावरून चांगले कळून येते.

तालिकेतील नोंदी संगणकास वाचता येतील अशा रूपात सिद्ध करून इतर ग्रंथालयांना पुरवाव्यात, या हेतूने वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६६ मध्ये हा प्रयोग आरंभिला. त्याची धुरा वाहणाऱ्या हेन्रिएट अ‍ॅव्हरम या मूळच्या संगणक-तज्ज्ञ, ग्रंथपाल नव्हत्या. निवडलेल्या १६ ग्रंथालयांना चुंबकीय फितींवर नोंदी धाडण्यात आल्या. १९६८ मध्ये प्रकल्पाचा अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला. काय साधले एवढेच सांगून तो थांबला नाही. फिती हाताळताना सहभागी ग्रंथालयांना काय अनुभव आले, हेही त्यात नमूद झाले. पहिला आराखडा ग्रंथांपुरता मर्यादित होता. या अनुभवाच्या आधारे त्याच वर्षी मांडलेला दुसरा आराखडा सर्व प्रकारच्या साहित्यास लागू पडेल असा होता, आणि तोही प्रसिद्ध करण्यात आला. पुढे १९७३ मध्ये नोंदींच्या देवघेवीसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक ठरले, त्याच्या मुळाशी हीच रचना होती. खाजगी टिपणांत राहिलेल्या रचनेची अशी पारख व सुधारणा इतरांकडून होणे शक्य नव्हते.

यावरून उत्तम वृत्तान्ताची तीन अंगे ध्यानात येतात. प्रथम, ग्रंथालयाची परिस्थिती : संग्रह, सेवकवर्ग व साधने यांची माहिती. दुसरे, निर्णय व त्यांची कारणे. कोणते पर्याय सोडून दिले व का, हेही त्यात यावे. तिसरे, उणिवा. यशाचे वर्णन वाचून वाचकास समाधान वाटते. परंतु पुढच्या कार्यकर्त्याचे श्रम वाचतात ते उणिवांच्या नोंदीमुळेच.

मराठी ग्रंथालयांना अशा लेखनाची विशेष निकड आहे. वर्णानुक्रमाचाच प्रश्न घ्या. युनिकोड संकेतमालेत ‘ळ’ या वर्णाचे स्थान ‘ल’ व ‘व’ यांच्या दरम्यान आहे. मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांना तर स्वतंत्र संकेतच नाहीत. त्यामुळे केवळ संकेतांकांच्या क्रमाने लावलेल्या सूचीत ‘क्ष’ने आरंभ होणारे शीर्षक शेवटी न येता ‘कौ’च्या पाठोपाठ बसते. ते शेवटी शोधणारा वाचक, ग्रंथ संग्रहात नाही असे समजून परत जातो. एखाद्या ग्रंथपालाने यावर उपाय योजला आणि तो लिहून ठेवला नाही, तर पुढच्या ग्रंथालयास तीच अडचण नव्याने सोडवावी लागते.

म्हणून प्रकल्पाची आखणी करतानाच वृत्तान्त-लेखनासाठी वेळ राखून ठेवावा, आणि निर्णय घेतले जातील त्याच दिवशी त्यांची टिपणे करावीत. कार्य संपल्यावर स्मरणाने लिहिलेल्या वृत्तान्तात निर्णय तेवढे उरतात. त्यांची कारणे बहुधा निसटलेली असतात.