काळ्या प्लगचा माग

पोर्शे ९१४च्या इंजिनाशी कच्च्या पेट्रोलचा वास येतो, सायलेन्सरच्या तोंडाशी मऊ काजळी साचते, प्लग काढावेत तर टोके कोरडी काळी निघतात. मिश्रण ‘रिच’ झाले आहे, एवढे कोणताही मेकॅनिक पाहताक्षणी सांगेल. एक किलो पेट्रोल पुरते जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथे त्या मानाने पेट्रोल जास्त जाते आहे. प्रश्न केवळ खर्चाचा नाही. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन काढते, रिंगांच्या फटींतून खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करते आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड वाढवते. रोग ओळखणे सोपे; त्याचे मूळ कुठे आहे ते शोधणे अवघड. या गाडीत तर फारच अवघड, कारण तिच्या इंजेक्शनची विचार करण्याची रीतच वेगळी आहे.

कार्ब्युरेटरला निरोप

१९६९च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात ९१४ लोकांसमोर आली. फोक्सवॅगन आणि पोर्शे यांची ही संयुक्त निर्मिती. दोनच आसने, काढून ठेवता येणारे छत आणि इंजिन आसनांच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे. महागड्या सहा सिलिंडरच्या ९१४/६ला कार्ब्युरेटर होते. स्वस्त चार सिलिंडरच्या गाडीला मात्र बॉशचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, डी-जेट्रॉनिक.

या कल्पनेची मुळे अमेरिकेत आहेत. बेंडिक्स कंपनीने १९५०च्या दशकात ‘इलेक्ट्रोजेक्टर’ तयार केला. १९५८च्या मोजक्या क्रायस्लर गाड्यांत तो बसला, पण त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग टिकेनात आणि बहुतेक गाड्यांवर पुन्हा कार्ब्युरेटर चढले. बॉशने हीच दिशा ट्रान्झिस्टरच्या बळावर पुढे नेली आणि १९६७मध्ये फोक्सवॅगन १६००वर डी-जेट्रॉनिक आणले. अमेरिकेतले धुराचे नियम कडक होत होते आणि फोक्सवॅगनला ती बाजारपेठ सोडायची नव्हती. पुढे व्होल्वो १८००ई आणि सित्रोएन डीएससारख्या गाड्यांनीही हीच प्रणाली घेतली.

हवा न मोजता हिशेब

डी-जेट्रॉनिक इंजिनात शिरणारी हवा मोजत नाही. ते इंजिनाला हवा पोचवणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब मोजते आणि दाब, इंजिनाचा वेग व तापमान यांवरून हवेचा अंदाज बांधते. दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या पोटात आतली हवा काढून घेतलेल्या, पातळ धातूच्या दोन डब्या असतात. मॅनिफोल्डमधला दाब वाढला की त्या आकसतात, त्यांना जोडलेला लोखंडी गाभा छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सरकतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहायचा ते त्यावरून ठरते. इंजेक्टर केव्हा उघडायचे ते डिस्ट्रिब्युटरमधले जादा पॉइंट सांगतात. पेट्रोलचा दाब सुमारे २ बारवर स्थिर असतो, म्हणून इंजेक्टर जितका वेळ उघडा तितके पेट्रोल.

धुरातला प्राणवायू तपासणारा सेन्सर इथे नाही, बिघाडाची नोंद ठेवणारा संगणकही नाही. कंट्रोल युनिट सेन्सरांची साक्ष खरी मानून पेट्रोल देते. मिश्रण रिच झाले, तर बहुधा कुणाची तरी साक्ष चुकलेली असते. निदान करायचे म्हणजे तो साक्षीदार शोधायचा.

आधी इंजिन, मग इंजेक्शन

सर्वांत मोठी फसगत इथेच होते. इग्निशनचे टायमिंग मागे पडले, टॅपेटची फट बिघडली किंवा एखादा व्हॉल्व्ह नीट बसेना, तर आयडलिंगला मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कमी होतो, म्हणजेच दाब वाढतो. सेन्सर तो वाढलेला दाब इमानाने कळवतो आणि कंट्रोल युनिट जास्त पेट्रोल सोडते. दोष इंजिनाचा, आळ इंजेक्शनवर. म्हणून टॅपेट, कॉम्प्रेशन, पॉइंट आणि टायमिंग (व्हॅक्यूमच्या नळ्या काढून मिनिटाला ३५०० फेऱ्यांना २७ अंश) हे सगळे तपासल्याशिवाय इंजेक्शनला हात लावू नये.

हवेच्या गळतीचेही तसेच. अमेरिकेत विकल्या गेलेल्या १.८ लिटरच्या ९१४मध्ये एल-जेट्रॉनिक आहे. ते येणारी हवा झडपेने मोजते, त्यामुळे झडपेच्या पुढे गळती झाली की मिश्रण पातळ होते. डी-जेट्रॉनिकमध्ये गळतीची हवा दाब वाढवते, त्याबरोबर पेट्रोलही वाढते आणि आयडलिंग चढते. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत एकाच फुटक्या नळीची लक्षणे वेगळी दिसतात.

प्लगही बोलतात. चारही काळे असतील तर कारण सगळ्यांना सामाईक आहे. एकच काळा असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर गळतो आहे किंवा तिथे ठिणगी पडत नाही. आज अनेक जण सायलेन्सरच्या पाइपमध्ये प्राणवायू तपासणारा वाइडबँड सेन्सर बसवतात. त्याचा मोठा उपयोग होतो, पण मिसफायर होत असेल तर न वापरलेला प्राणवायू धुरात जातो आणि पेट्रोलचा वास येत असतानाही सेन्सर मिश्रण पातळ असल्याचे दाखवतो.

साक्षीदारांची तपासणी

मग गेज लावून पेट्रोलचा दाब पाहावा. परतीची नळी तुंबली किंवा रेग्युलेटर कुणी आवळून ठेवला, तर दाब चढतो. तो २०% वाढला की पेट्रोल साधारण १०% जास्त जाते.

त्यानंतर सिलिंडर हेडचा तापमान सेन्सर. इंजिन २० अंशांवर थंड असताना मल्टिमीटरवर सुमारे २५०० ओहम दिसायला हवेत, तापल्यावर १००च्या खाली. वायर तुटली किंवा कनेक्टर गंजला की रोध वाढतो. कंट्रोल युनिटला इंजिन बर्फासारखे गार भासते आणि ते पेट्रोल ओतत सुटते. पन्नास वर्षांच्या गाडीत अशी वायर सापडणे अगदी शक्य आहे आणि ही तपासणी जवळजवळ फुकट होते.

थंडीत सुरू होताना जादा पेट्रोल फवारणारा पाचवा इंजेक्टर गळत असेल, तर चारही सिलिंडर भिजतात. इंजिन चालू असताना त्याची रबरी नळी क्षणभर चिमट्याने दाबावी. इंजिन सुधारले तर चोर सापडला.

शेवटी दाबाचा सेन्सर. हातपंपाने त्यात पाऱ्याच्या १५ इंचांइतका व्हॅक्यूम ओढावा आणि काटा टिकतो का ते पाहावे. पूर्ण ताणाच्या वेळी मिश्रण रिच करण्यासाठी सेन्सरमध्ये धातूचा पातळ पडदा असतो. वर्षानुवर्षांच्या लवचिक हालचालीने त्याला चीर पडते, बाहेरची हवा आत शिरते आणि इंजिनावर ताण नसतानाही सेन्सर जादा दाब कळवू लागतो. गुंडाळ्यांचे रोधही पाहावेत: एकीचा सुमारे ९० ओहम, दुसरीचा सुमारे ३५०. शिवाय सेन्सर त्याच इंजिनासाठीचा आहे ना, हे त्यावरच्या क्रमांकावरून पडताळावे. मागल्या मालकाने दुसऱ्याच गाडीचा बसवलेला असू शकतो.

स्क्रूला हात लावण्यापूर्वी

या सेन्सरचा स्क्रू कारखान्याने जुळवून वरून लाखेसारख्या पदार्थाने बंद केलेला असतो. तो फोडून स्क्रू फिरवला की मिश्रण पातळ होते, धूर थांबतो आणि गाडी दुरुस्त झाल्याचे समाधान मिळते. मला हा सर्वांत घातक उपाय वाटतो. खरा दोष, मग तो तुटकी वायर असो, मागे पडलेले टायमिंग असो की गळका इंजेक्टर, तसाच राहतो आणि वर कारखान्याची मूळ जुळणी कायमची हरवते. पुढे कुणी तो खरा दोष दूर केला की तेच मिश्रण धोकादायक पातळ होते. हवेने थंड होणाऱ्या या इंजिनाला ते फार महागात पडते.

जुन्या गाड्या जपणाऱ्यांकडून मला एवढीच अपेक्षा आहे: कोणताही भाग बदलण्यापूर्वी किंवा फिरवण्यापूर्वी त्याचे माप घ्यावे आणि ते वहीत तारखेसह लिहावे. टायमिंग, व्हॅक्यूम, पेट्रोलचा दाब, प्रत्येक सेन्सरचे ओहम. ही वही गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे गेली पाहिजे. तिच्यामुळे पुढच्या माणसाला अंदाजाने स्क्रू फिरवावे लागणार नाहीत आणि एक सुंदर यंत्र त्याच्या घडवणाऱ्यांनी ठरवलेल्या मापांवरच चालत राहील.